रुमालाखाली

तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाचं नाव 'दाना'.
इथल्या भाषेत दाना म्हणजे मोठा, निर्दोष मोती.
नऊ दिवस दारावर दोन पहारेकरी आहेत
आणि आत फक्त चहा जाऊ शकतो.

म्हणजे मी.

सही केलीय एका कागदावर:
पाहिलेलं पाहिलं नाही, ऐकलेलं ऐकलं नाही.
मॅनेजरनं विचारलं, मुबीन, इंग्रजी कितपत येतं?
म्हटलं, साखर किती, इतपत.
त्याला ते उत्तर फार आवडलं.

खोटं होतं. दापोलीला बारावी केलीय मी,
आणि कप ठेवता ठेवता उलटी अक्षरंही वाचता येतात.
परिशिष्ट चार. शून्य तीन, शून्य सहा.
कोळंबी: ताजी, गोठवलेली, सुकवलेली.
सुकवलेली म्हणजे आमचा जवळाही आलाच त्यात,
हर्णैच्या वाळूत माझी बहीण रुकय्या
कावळे हाकत फडक्यावर पसरते तो.
मनामातल्या या टेबलावर
तिच्या जवळ्याला एक आकडा आहे.
जकात किती वर्षांत उतरणार, कुणासाठी,
एवढ्यात कुणीतरी फाईल मिटली,
म्हणाला, माझा बिनसाखरेचा.

लहानपणी अब्बांबरोबर बैलबाजारात गेलो होतो.
दलालानं दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.
आत बोटं दाबली जात होती: पाच, दोन, परत दोन.
सगळा बाजार रुमालाकडे बघत होता.
बैल भलतीकडे बघत शेण टाकत होता.

मुहर्रकचा खलफ म्हणतो, इथेही तसंच.
त्याचा आजोबा नाकाला चिमटा लावून बुडी मारायचा,
मोत्यांचे व्यापारी लाल कापडाखाली बोटांनी बोलायचे.
आपण वर आणलेला दाना केवढ्याला गेला
हे आजोबाला आयुष्यभर कळलं नाही.
कर्ज तेवढं कळायचं.
ते उघड्यावर मोजत.

सहाव्या दिवशी तळमजल्यावर 'जनतेशी संवाद'.
खुर्च्या चाळीस, मीच मांडल्या.
सूचना आदल्या रात्री लागली, लिफ्टशेजारी,
जिथे एरवी जिमच्या वेळा असतात.
आली पाच माणसं. त्यातलं एक चुकून, लग्नाचा हॉल शोधत.
खलफ आला इस्त्रीचा थोब घालून,
वास मात्र जाळ्याचाच.

आमच्या रुबियानबद्दल काय लिहिलंय?
बाई नम्र होत्या. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
कशावरचं मत?
मसुद्यावरचं.
मग दाखवा.
तो सह्या झाल्यावर.

पाण्याचा ग्लास ठेवताना
मी ओठ न हलवता म्हटलं, चौथं परिशिष्ट.

चौथ्या परिशिष्टात काय आहे, खलफनं विचारलं,
आणि बाईंचं पेन थांबलं.
असं काही आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?
त्यानं ग्लास उचलला, सावकाश प्यायला.
माझ्या आजोबांनी.

दोन मिनिटं संपल्याची घंटा झाली.
आमच्याच रिसेप्शनवरची, पितळी.

रात्री झोप आली नाही. व्हिसा कुणाच्या हातात असतो,
हे मला कुणी समजावून सांगायला नको.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात आमच्याकडे.
असेल. पण मूठ रुकय्याची
आणि झाकायला हात भलत्याचाच,
तर लाख कुणाचे?

नवव्या रात्री कागद कापायचं यंत्र रिकामं केलं.
दोन काळ्या पिशव्या, शेवयांसारख्या पट्ट्या.
एक बाहीला चिकटली: 'संबंधितांशी सल्लामसलत करून'.
पुढचं कुठल्या पिशवीत गेलं, शोधत बसलो नाही.

बहिणीला फोन लावला. काय नवीन?
काही नाही. मोठी माणसं आली होती.
काय ठरवलं त्यांनी?
मी गप्प. मग विचारलं,
जवळा किती सुकवलास यंदा?

अडीचशे किलो, ती भर बंदरावरून ओरडली,
एकशे चाळीसनं दिला!
फोन स्पीकरवर होता.
बाजूच्या टोपलीवरून कुणीतरी म्हणालं,
खोटं नको बोलू गो, एकशे पस्तीस.