एका कान्याचा फरक

दिघ्याच्या अंगाला वळलं की
कांदळवनातून एक वाट खाली उतरते.
मिक्सर आज यार्डात उभा, म्हणून मी दुचाकीवर,
मागे दुर्वा.
(आजीच्या दुर्गव्वाचं
शाळेपुरतं धुऊन घेतलेलं नाव.)

बाबा, इथे वाळू नाही?
नाही. इथे आधी चिखल होता,
मांडीभर, निवट्यांचा.
मग पारसिकचा डोंगर आला
पाट्यांतून, डंपरातून, ब्रासच्या हिशेबाने,
आणि बार्जवर चढताना जेवढा सांडला
तेवढा हा किनारा.

मुकादम भिकाजी ओरडायचा,
सांडू नका रे, सांडलेलं हजेरीतून कापीन.
त्याने कापलेलं सगळं
इथे पसरलंय.
चालताना करकरतं.

तिसरीत मी खडीच्या जागी खाडी लिहायचो
आणि खाडीच्या जागी खडी.
बाई म्हणायच्या, अरे एक काना!
घरी पाटी आईपुढे धरली.
तिने डावीकडून मान वळवून पाहिली,
उजवा कान सुरुंगात गेलेला,
म्हणाली, मला दोन्ही सारखंच.
रोज एकीकडून दुसरीकडे नेते, मला नको सांगू.

खाण बंद झाली त्याला आता एकोणीस वर्षं.
वर खड्ड्यात हिरवं पाणी, भोवती तारेचं कुंपण.
इथे खाली भरती-ओहोटी
दिवसातून दोनदा कामावर येते,
खाडा नाही,
आणि खडीच्या धारा मारत बसते.
गोटे झालेत. पुरते गोल नाहीत.

क्रशरचा दगड ओळखू येतो,
सगळीकडून सारखा मार खाल्लेला.
हातचा वेगळा.
त्याला एक बाजू असते सपाट,
जिथे सुतकी उचलायच्या आधी
कुणीतरी त्याची शीर बघून घेतलेली असते.
मी वाकून वाकून तसलेच शोधतो.
एक सापडला. असेल तिचा, नसेल.
तिच्यासोबत चाळीस बाया फोडायच्या.
तरी खिशात टाकला.

दुर्वा पाण्याशी उभी.
तिचे सगळे दगड पहिल्याच उडीत बुडतात.
बाबा, भाकऱ्या काढायला चपटा लागतो ना?
चपटा दे.

खिशातला तेवढा एकच चपटा.
थोडा वेळ मी नुसताच तो
अंगठ्याने चोळत राहिलो.
मग दिला.
मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं.

एक, दोन, तीन, चार,
आणि पाचवी,
अगदी लहान, वाटीएवढी.

शेवटची तशीच व्हायची.
काठवटीला चिकटलेलं पीठ खरवडून
ती स्वतःसाठी थापायची.

पाच, बाबा! पाच!

हो, म्हटलं, पाच.
ती पुढचा दगड शोधायला
केव्हाच वाकली होती.