दोन मिनिटांनंतर एक ठोका

विषय पंचायत समितीकडून पाकिटात आला होता:
जुलमी परकी राजवट उलथवण्यासाठी सैन्य पाठवावे काय?
सुळके सरांनी फळ्यावर त्या देशाचं नाव लिहिलं,
दोनदा खोडलं, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होता.
कापूस वेचायला गेलेल्या पोरी सोडून
सगळी शाळा हजर.

माझं काम वेळ धरायचं.
दोन मिनिटांनंतर एक ठोका, तीननंतर दोन,
स्टीलच्या ग्लासावर चमच्यानं.
मी शाळेचा शिपाई.
माझा भाऊ दौलत, तोही शिपाई, खराखुरा, बंदूकवाला.
एका शब्दात आम्ही दोघं मावतो,
एका घरात मावलो नाही.

रोहन गावंडे बाजूनं उठला.
“शेजारी रोज बायकोले काठीनं मारते,
आन् आपन म्हनाव, त्याच्या घरचा मामला?
कडी वाजवाव. नाही उघडलं त् दार तोडाव.
उद्या थो आपल्याबी दारात येईन.”
टाळ्या. मीही वाजवल्या असत्या,
हातात चमचा होता.

करिश्मा टेकाम कागद न घेता उभी राहिली.
“आमच्या पोडावर वाघ होता.
बैल खाल्ले, मंग तुळसाबाईले खाल्लं.
आमीच अर्जावर आंगठे देल्ले, घेऊन जा म्हनून.
पांढरकवड्याहून जिपा आल्या, हत्ती आला,
सुई मारायची बंदूक आली.
उभी तूर चेंदून गेली, तिचे पैसे आजून नाही आले.
वाघ नेला, गुलाल उधळला.
अन् रिकाम्या जाग्यासाठी तीन वाघ आले,
तरणे, एकमेकाशी भांडनारे.
जुन्याची पान्यावर याची वेळ त् ठाऊक होती.”

कोणी टाळी वाजवली नाही.
रोहन बसल्या जागेवरूनच ओरडला,
“म्हनजे तुळसाबाईले खाऊ द्याव काय?”
मी ग्लास वाजवायला हवा होता.
पण अशा वेळेसाठी किती ठोके,
ते पाकिटात लिहिलेलं नव्हतं.
करिश्मानं ओठ चावला.
“तसं नाही म्हटलं मी.
मंग काय, थे आधी सांगा, एवढंच म्हटलं.”

दौलत माझा डबा घेऊन दारात उभा होता.
सर म्हणाले, माजी सैनिक आहेत, दोन शब्द होऊ द्या.
तरुणपणी तो समुद्र ओलांडून गेला होता,
दुसऱ्याच्या भांडणात शांतता लावायला.
पहिल्या दिवशी तिथल्या बायांनी हार घातले.
पुढचं त्यानं कधी सांगितलं नाही.
तिकडच्या भाषेतले चार शब्द घेऊन आला:
पाणी. हात वर. घरात कोण.
चौथा आईलाही सांगितला नाही.

तो फळ्याकडे पाहत राहिला.
“पाठवाव, पाठवाव म्हनता. कोनाले?”
“मले,” रोहन छाती काढून म्हणाला.
त्याच्या शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या.
दौलतनं एकेक काढून नीट लावली,
खालून वर, गळ्यापर्यंत.
“जाजो. मीबी गेलो होतो.
कोनाचं दार तोडाच लागते कधी कधी.
आत गेल्यावर काय दिसते
थे तोडनाराले आधी कोनी सांगत नाही.”
आणि खाली बसला, मुलांमध्ये, सतरंजीवर.

निकाल: रोहन पहिला, आवाजासाठी.
करिश्मा अर्ध्या गुणानं मागे.
तिनं पेन घेतला, टोपण उघडून शाई पाहिली.

शाळा सुटल्यावर फळा ओल्या फडक्यानं पुसला.
वाळला की त्या देशाचं नाव पुन्हा वर यायचं,
सरांनी खडू फार दाबला होता.
दौलत हातपंपापाशी थांबलेला.
“तुया मनानं काय? पाठवाव?”
मी म्हटलं, माझं काम वेळ धरायचं.
तो हसला, दात न दाखवता.
“तिकडं आमच्या साहेबाचंबी असंच काहीतरी होतं.”

मग डबा उघडला. भाकर गार झालेली,
अंबाडीची भाजी झाकणात काढली.
त्यानं तोंड धुतलं, आणि पंपाकडे पाहत
एक शब्द म्हणाला, तिकडचा.
पाणी असावं.
मी विचारलं नाही.