घरची

पादोव्हापासून तीस तास
बाटली मांडीवरच ठेवली होती,
दोन स्वेटरांत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी.
सोनेरी अक्षरं, टेकडीवरचा किल्ला.
किंमतीची चिठ्ठी मी सीमेवरच नखाने खरवडली:
ज्या म्हातारीचं हगणंमुतणं मी काढते
तिच्या घरचे माझे तीन दिवस.

ईस्टरची पहाट. सगळे चर्चमधून
मेणबत्त्या तळहाताआड धरून परतले.
टेबलावर लाल अंडी, पास्का, कोकराची मांडी,
मधोमध बाटलीपुरती मोकळी जागा.

"कोणती काढायची?" येफ्तिमीकाकांनी विचारलं
आणि पंचायतच बसली.
वहिनी म्हणाली, बाहेरची. घरची काय, रोजचीच.
(भाऊ जर्मनीत, फोनच्या चौकटीतून मान हलवत होता.)
काका म्हणाले, परक्या द्राक्षांना
आपल्या मेलेल्यांची नावं कशी ठाऊक असणार?
वडील काहीच बोलले नाहीत.
कंदील घेऊन तळघरात उतरले,
आणि बऱ्याच वेळाने
मातीची सुरई भरून वर आले.

आमची वाईन मला पाठ आहे:
आधी जिभेला चिमटा, मग आंबट चेरी,
शेवटी पिंपाच्या ओल्या लाकडाचा वास;
जराशी गढूळ, सर्दी झालेल्या आईच्या आवाजासारखी.
ही नितळ होती. गुळगुळीत.
शाळा शिकून आलेली.

लोणच्याच्या काकड्या आणायला मी खाली गेले.
पिंपावर टिचकी मारली. ते पोकळ बोललं.
पालथ्या बादलीखाली तीन रिकाम्या बाटल्या,
किशिनेवच्या दुकानाची पावती, नीट चार घड्या घातलेली.
दाराबाहेर वेलींचा गुंता,
दोन हिवाळे कात्री न लागलेला.

बादली होती तशी पालथी घातली.

"कशी झालीय यंदाची?"
पाव कापता कापता, माझ्याकडे न बघता.
म्हटलं, "घरची ती घरची."
"बघा!" काका टेबलावर थाप मारून म्हणाले.

मग वडिलांनी माझी बाटली उजेडात धरली,
लेबलाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
तिथे अजून थोडा चिकटा होता.
"महाग नाही ना पडली, डोम्निका?"
"छे. तिकडे पाण्याच्या भावात मिळते."

पेले भिडवण्याआधी, रीतीप्रमाणे,
त्यांनी सुरईतले चार थेंब
आईसाठी जमिनीवर सांडले.
तीही काही बोलली नाही.