कव्हर

शुगर तीनशे निघाली त्या वर्षी
कातडी आवळत गेली.
लघवीला गेलो की डोळ्यांत पाणी,
आणि कला अंथरुणात पाठ फिरवायची,
रागानं नव्हे, मला दुखू नये म्हणून.
हे फार उशिरा कळलं.

दारव्ह्याचे डॉक्टर म्हणाले, सुंता करावी लागेल,
अर्ध्या तासाचं काम.

बातमी माझ्या आधीच्या एस.टी.नं गावात पोचली.
देवरावच्या पानठेल्यावर
पानाला चुना लावता लावता निकाल लागला:
'गेला वायरमन. आता तिथं नुसतं लाकूड.'
दुसरा म्हणे, 'अबे नाही, घोडा होते माणूस,
रातभर थकत नाही.'
तिसऱ्यानं विचारलं,
ईदीचा शिरखुर्मा आता घरीच शिजन का?
मी हसलो. खर्रा घोटत राहिलो.
रात्री मात्र मोजत बसलो,
काय काय जाणार.

वीस वर्षं खांबावर चढतो आहे.
कव्हर सोललं म्हणून तारेतला करंट जात नाही,
एवढं कळतं मला.
पण माणूस म्हणजे तार नाही,
आणि भीतीला अर्थिंग कुठं द्यायचं?

शेवटी अय्यूब मिस्त्रीला गाठलं.
बोअरच्या मोटारीचं वाइंडिंग करत होता.
आडून विचारलं, मग सरळच विचारलं.
दातात धरलेली तांब्याची तार सुटेपर्यंत हसला.
'मले काय माईत, राजा?
आठवते तवापासून मी असाच हावो.
तराजूत दुसरं पारडंच नाही माह्याजवळ.
तूच पाह्यजो,
अन् मले सांगजो.'

टाके. पट्टी. लुंगी.
पंधरा दिवस लुंगीचं सूतही काट्यासारखं,
उठता-बसता अंग शहारायचं.
मग सूत पुन्हा सूत झालं.
विसरलो.

दीड महिना झाला. तुरीची सोंगणी चालू,
कलाच्या बोटांना भेगा.
तिनं लाईट बंद केला,
विचारलं, 'दुखते का?'

ठेल्यावर इतक्या लोकांनी इतकं विचारलं,
हे कोणीच नाही.

'नाही.'
'मंग?'

मग काय सांगू.
कमी म्हणावं तर कमी नव्हतं,
जास्त म्हणावं तर ठेल्यावरचा घोडाही नव्हता.
तिची भेगाळ बोटं मानेवर खरखरली, एवढं आठवतं.
आणि दोन वर्षांत पहिल्यांदा
मी दचकून मागं सरलो नाही.

अय्यूबला सांगितलं, मीटरचा काटा हलला नाही.
'मंग ठेल्यावर सांग ना त्याहिले.'
नाही सांगितलं.

परवा रात्री देवराव आला,
फ्यूज उडाला म्हणे.
त्याच्या घरातला लाईट माझ्या ओट्यावरून दिसत होता.
बसला. खर्ऱ्याची पुडी सोडली, बांधली,
पुन्हा सोडली.
ठेल्यावरचा आवाज घरी ठेवून आला होता.
'लय दुखते का रे?'

मी आतून पाण्याचा तांब्या आणला,
त्याच्याजवळ ठेवला.
'शुगर तपासली का?'