चोवीसात सत्तावीस

कौशात, गादीवाल्याच्या दुकानावर, तिसरा मजला.
मी मढवी मास्तर, राहणार शीळ,
जिल्हा परिषदेतून निवृत्त.
आठवड्यातून चार दिवस, तीन ते साडेचार,
मदरशातल्या मोठ्या पोरांना दहावीचं गणित शिकवतो.
खडू त्यांचा. डस्टर माझं घरचं,
बायकोच्या जुन्या पोलक्याची घडी.

वर्ष झालं. अजून त्यांचं पाठांतर कानावर आलं की
मला माझी पावकी-निमकी आठवते.
तेच पुढे-मागे डुलणं,
अर्थ नंतर कधीतरी येईल या भरवशावर
तोंडात धरून ठेवलेले शब्द.

त्या दिवशी वीज गेलेली.
पारसिकच्या बाजूची खिडकी उघडली
तर बायपासच्या ट्रेलरांची धूळ आत.
फळ्यावर मौलाना सिबगतुल्लांच्या अक्षरात
सकाळचं एक गणित पुसायचं राहिलेलं.
मुबश्शिरने वाचून दाखवलं, उजवीकडून डावीकडे :
माणूस वारला. मागे बायको, आई, बाप, दोन मुली.
बायकोला एक अष्टमांश,
आईला एक षष्ठांश, बापाला तेवढाच,
मुलींना मिळून दोन तृतीयांश.
मी सवयीने लसावि काढला. चोवीस.
तीन, चार, चार, सोळा.
सत्तावीस.

चुकलंय, मी म्हटलं.
भाकरीचे तुकडे जोडून भाकरीहून मोठे होत नाहीत.
पोरं गालात हसली.
मानवतचा मुबश्शिर, ज्याची अपूर्णांकांची वही
माझ्या लाल शाईने भरलीय, तोच म्हणाला,
सर, आता छेदच सत्तावीस करायचा.
कोणाचं नाव खोडायचं नाही.
सगळ्यांचं थोडं थोडं कमी होतं,
बायकोचा आठवा हिस्सा नववा होतो.

छत्तीस वर्षं मी सांगत आलो,
छेद आपल्या मनाने बदलायचा नाही.

आमच्या दिवसाचंही असंच आहे सर, म्हणाला,
आणि वहीच्या मागच्या पानावर मांडलं :
सबक तीन तास, उजळणी चार, नमाज दोन,
अरबी व्याकरण तीन, बोर्डाचा अभ्यास पाच,
जेवण-आंघोळ-कपडे दोन,
झोप आठ, कारण विज्ञानाच्या पुस्तकात आठ लिहिलीय.
बेरीज करा.
मी केली.
कमी कशातून करता रे?
झोपेतून, सर.
मागून हुजैफा ओरडला, आणि क्रिकेट तर धरलंच नाही!

मौलाना दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
एकाच वारसाकडून काढून घेणं, ते हळूच म्हणाले,
याला वाटणी म्हणत नाहीत.
पुढच्या सोमवारपासून फज्रनंतरचा सबक अर्ध्या तासाने आखूड,
माझा तास वीस मिनिटांनी.
मी कुरकुरलो. बीजगणित तसंच पडलं होतं.

घरी आलो, कपाटातून सातबारा काढला.
रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे,
चार भाऊ, एक चतुर्थांश चौघांना.
बेरीज बरोबर एक.
यमुनाअक्काने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा
आम्ही तिला पैठणी घेतली होती, चांगली, खऱ्या जरीची.
उत्तर एक यावं म्हणून
पाचवं नाव फळ्यावर घेतलंच नव्हतं.

मुबश्शिरला विचारलं, तुमच्यात नियमच आहे,
मग तुझ्या आईला मिळाला असेल.
तो नखाने बाकावरचा खडू खरवडत राहिला.
अम्मीने माफ केला, सर. मामांना.
माफ केला म्हणजे?
म्हणजे मागितला नाही.

पंखा सुरू झाला. कागद उडाले.
मी पोलक्याने फळा पुसला,
मौलानांचं आणि माझं गणित एकाच पांढऱ्या धुळीत.

रात्री अक्काला फोन लावला.
जेवलास का रं, तिने विचारलं.
म्हटलं, अक्का, एक गणित आहे.
ती हसली.
मना कुठं येतं रं गनित.