दोन किलोच्या आत

मुबीन सळईच्या कारखान्यात. त्याचं वजन टनांत चालतं.
मी बियाण्याच्या प्रयोगशाळेत:
हजार दाणे मोजायचे, तोलायचे,
दशांशाच्या पुढं दोन घरं,
पंखा बंद करून, कारण वाऱ्यानंही आकडा हलतो.

जालन्यात ह्या दोन तराजूंच्या मधे
आमचं विमान.
पाच फुटी पंख, बाल्साचं अंग,
नाकात खिल्लारे सरांचं जुनं चाळीसचं इंजिन.
एनसीसीतून निवृत्त होताना सरांनी दिलेलं,
पावडरच्या डब्यात, एरंडेलात बुडवून.

चाळीसवर ते उडायचं.
म्हणजे, उडायचं,
पण शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखं
पाय घासत.

मुबीन म्हणाला, ताकत कम है बाई, साठचं बसवू.

साठचं आलं हैदराबादहून. दोनशे ग्रॅम जास्त.
मग नाक जड.
पंखाच्या तिसऱ्या हिश्श्यावर दोन बोटं धरून उचललं
तर गव्हाणीत तोंड घातल्यासारखं खाली.
मग शेपटीत शिसं, सत्तर ग्रॅम.
मग टाकी मोठी, कारण साठ जास्त पितं.
मग लांब पंखा, म्हणून चाकांच्या तारा उंच, म्हणून जाड.
म्हणून, म्हणून, म्हणून.
दर खेपेला मी आकडा वहीत लिहायचे,
दर खेपेला मुबीन हसायचा,
शंभर ग्रॅमनं काय होतंय?
आमच्याकडं तेवढी तर खपली उडते घणाखाली.

नागेवाडीच्या पुढं, हरभरा काढलेलं रान.
विमान सुटलं ते गोफणीतून सुटावं तसं.
आम्ही ओरडलो, नाचलोसुद्धा.
मग ते उतरवायचं होतं.

हळू केलं की पडायला लागायचं,
जोर दिला की पुढं निघून जायचं.
चार फेऱ्या. पाचव्या फेरीला पेट्रोल नव्हे, ते मिथेनॉल, संपलं,
आणि त्या वेगात
चाक काळ्या रानाच्या भेगेत गेलं.

खिल्लारे सर एसटीनं आले.
तुकडे उलटेपालटे करून बघितले.
किती भरलं होतं?
दोन सहाशे चाळीस, मी म्हणाले.
सर गप्प. मग म्हणाले,
मला विचारलं असतं तर मीपण साठच सांगितलं असतं.
ह्याच हिशोबात तीन मोडलीत मी.

चाळीस पुन्हा डब्यातून निघालं.
ह्या खेपेला ताकदीला हात लावायचा नाही असं ठरलं.
फासळ्यांना भोकं पाडली, आठ आण्याएवढी.
डिंक सुईच्या टोकानं.
जाड बॅटरी काढून पातळ.
पॉलिश पेपरचा भुगा मी कागदावर गोळा करायचे
आणि तोलायचे. सवय.
सहा ग्रॅम भुगा म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.
मुबीनला आधी वेड लागल्यागत वाटायचं,
नंतर तोच विचारायला लागला,
आज किती गेलं?

राहता राहिला रंग.
जुना डावा पंख शाबूत होता,
त्यावर त्याच्या शिफानं, सातवीतल्या,
स्वतःचं नाव उर्दूत लिहिलेलं, ऑइलपेंटनं,
थरावर थर, टिंबं तर लिमलेटच्या गोळ्यांएवढी.
पेपर हातात घेऊन मुबीन थांबला.
नावाचं किती असेल?

दुसऱ्या पंखाशी ताडून मी आधीच काढलं होतं. एकोणीस.
अकरा, मी म्हणाले.

अकरा चलेगा, तो म्हणाला,
आणि पेपर खाली ठेवला.

एक नऊशे सत्तर.
रविवारी सकाळी, अर्ध्याच जोरावर,
तीस पावलांत जमीन सुटली,
मागं एरंडेलाचा वास रेंगाळत राहिला,
गल्लीत कुणी काही तळल्यासारखा.
वरून वळताना डावा पंख खाली व्हायचा,
मला वाटायचं, थोडा जास्तच.

मुबीनच्या लक्षात आलं नाही.
किंवा आलं असेल;
बोटानं ट्रिमची कळ त्यानं
दोन खाचा उजवीकडं सरकवली होती,
काही न बोलता.