चार आवाज, वाद्याविना

नदी चढली त्या रात्री तळघरातलं कपाट
म्हणे जागचं हललंही नाही.
फक्त आतली ऐंशी वर्षांची गाणी
लगदा होऊन एकमेकांना चिकटली,
नाताळचं स्तोत्र फ्रेंच प्रेमगीताला,
मृतांसाठीची प्रार्थना कोकिळेच्या थट्टेला.
फावड्यानं काढली.

आणि मी, सॉवर्बी ब्रिजच्या गायकवृंदातली
मागच्या रांगेतली अल्टो,
‘तुला कॉम्प्युटर येतो’ एवढ्या भांडवलावर
ग्रंथपाल झाले.

रात्रीचे साडेअकरा. हीटर बंद होऊन तास झाला.
कानटोपी घालून मी शिरते
गाण्यांच्या त्या फुकट गोदामात.
ते विचारतं, किती आवाज? चार.
वाद्य? नको.
भाषा? लॅटिन असावी. डेनिस म्हणतो लॅटिनच.
शतक?
इथे मी चहा करायला उठते.

बाकी बहुतेक सगळं मिळालं.
एकच सापडत नाही,
कारण त्याचं नाव कोणाला आठवत नाही.
सगळे त्याला ‘निळं’ म्हणायचे, मुखपृष्ठावरून.

डेनिस ग्रीनवुडला टेनरचा शेवट येतो, तोही खोकत.
बासवाल्यांना आठवतं की ‘आपण खाली होतो’.
सोप्रानोंना चाल येते, म्हणजे तिघींना तीन.
आणि विनिफ्रेड सटक्लिफ, वय एक्याण्णव,
टेकडीवरच्या वृद्धाश्रमात,
थोरल्या मुलाला प्लंबर समजणारी,
तिला आपली ओळ पक्की पाठ आहे.
अल्टोची ओळ.
म्हणजे एकच सूर.
अकरा घरं तोच, बाराव्यात किंचित वर,
की पुन्हा जागेवर,
जणू कोणी तानपुरा वाजता ठेवून
दूध आणायला गेलंय.

शोधाच्या चौकोनात काय लिहू?
गुणगुणलेलं त्याला ऐकू येत नाही.
मी नुसता ‘सा’ टाकून पाहिला.
त्यानं अदबीनं विचारलं,
तुम्हाला ‘सांक्तुस’ म्हणायचं आहे का?
चार हजार दोनशे निकाल.

मग एकेक उघडत गेले.
ही लिपी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं,
कोणी मोड आलेली मटकी
पाच तारांवर वाळत घातलीय.
मी सांगलीत पेटीवर शिकले, ताम्हनकर बाईंकडे.
तिथे गाणारा एकटा,
बाकीच्यांनी मान डोलवायची.
इथे आवाज एकावर एक, बिऱ्हाडांसारखे.
वरच्या मजल्यावर सोप्रानो खुर्च्या सरकवतात,
तळाला बास घोरतात,
आणि आपण मधल्या मजल्यावर दिवा लावून बसायचं.
आपण आहोत हे कोणाला कळत नाही.
आपण गेलो की कळतं, म्हणतात.
मला ते अजून पटलेलं नाही.

पावणेदोनला एक जुनी प्रत उघडली.
कोणीतरी स्कॅन करून चढवलेली,
पहिल्या पानावर कपाचं वर्तुळ,
सगळं करडं, निळं असलं तरी कळायचं नाही.
तिसऱ्या पानावर समासात शिसपेन्सिलीनं:
‘आर्थरकडे बघू नकोस.’
दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून मोजलं.
अकरा.
बाराव्यात किंचित वर.
आणि सातव्या घराच्या शेवटी एक छोटी खूण,
स्वल्पविरामासारखी. श्वास.

सकाळी फोन केला.
नर्सनं तो विनिफ्रेडच्या कानाशी धरला.
काय बोलणार? मी तो एकच सूर लावला
आणि मोजत राहिले. पाच. सहा.
पलीकडे कोणाच्या तरी बश्या वाजत होत्या.
सातव्याच्या शेवटी, अगदी खुणेपाशी,
तिनं श्वास घेतल्याचा आवाज आला.

मी थांबले नाही. दहाव्या घरात ती बोलली,
खणखणीत,
‘उतरतेयस, पोरी.’